पंखा फिरतोय तोवर

विमानाच्या पंखातली शिट्टी वाजायला लागली तेव्हा लॉरेटा वीबी दाढेचा विचार करत होती. उजवीकडची खालची दाढ वसंतापासून ठणकत होती, आणि तिच्यावर टोपी बसवायला दंतवैद्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून लॉरेटा खुर्चीतून तशीच उठून आली होती. तेव्हापासून ती एका बाजूनंच चावायची. शिट्टी म्हणजे काही मोठा आवाज नव्हे. विमानाचा वेग फार उतरला, पंखांना हवा धरवेनाशी झाली की एक केविलवाणा सूर निघतो, पोरानं फुटक्या पिपाणीत फुंकावं तसा. उंचावर निघाला तर हसून सोडून द्यावा. पण हे उतरतानाचं शेवटचं वळण होतं, खाली कापणीला आलेल्या ज्वारीची कणसं वेगवेगळी दिसत होती, आणि विमान ग्रेडी टॅकेटच्या हातात होतं. ग्रेडी पन्नाशीचा, विचिटा शहरभर लोकांच्या तळघरांत उतरून घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करणारा गडी. वर्षभर तिच्याकडे उडायला शिकत होता. पाठीवरच्या वाऱ्यानं विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे ढकललं होतं, आणि ते ओढून परत रेषेवर आणायला ग्रेडी डावा पंख खाली खाली वाकवत चालला होता, वरून डाव्या पायानं पेडल दाबून नाक जबरदस्तीनं फिरवत होता. असं करता करता आतला पंख हवा सोडतो आणि विमान उलटं होऊन पडतं. इतक्या खालून पडलं की मग कुणी काही करायचं उरत नाही. हे तिनं त्याला घसा बसेपर्यंत सांगितलं होतं. रेषा हुकली तर हुकली, सोडून दे, वर जा, एक फेरी मार आणि परत ये. त्यानं प्रत्येक वेळी मान डोलावली होती. आता त्याची नजर धावपट्टीवर नव्हती आणि वेगाच्या काट्यावरही नव्हती. ती समोरच्या फळीवरच्या छोट्या चौकोनी मीटरवर होती. इंजिन किती तास चाललं ते तो मीटर मोजतो, आणि त्याचा शेवटचा आकडा दर सहा मिनिटांनी पुढं सरकतो. वर जाऊन आणखी एक फेरी मारायची म्हणजे तो आकडा आणखी एकदा सरकणार.

"माझं विमान," लॉरेटा म्हणाली. ग्रेडीनं हात सोडले. तिनं नाक खाली टाकलं, इंजिनाला पूर्ण जोर दिला, पंख सरळ केले, शिट्टी थांबली, ज्वारी मागं पडली. हे सगळं हातांनी आपसूक केलं. इतकी वर्षं शिकवल्यावर हातांना विचारावं लागत नाही. जबडा मात्र तिनं करकचून आवळला होता आणि दाढेतून कळ थेट कानापर्यंत गेली. आणि त्या कळेसोबतच, त्याच क्षणी, हात अजून विमान सावरत असताना, तिच्या मनात एक विचार येऊन बसला. चला, म्हणजे याला अजून चार-पाच शिकवण्या लागणार. विचार भीतीचा नव्हता. त्यात ऊब होती. महिनाअखेरीला पगाराचं पाकीट हातात पडल्यावर वाटते तशी.

मग फेरी, मग उतरणं, मग डांबरावरून हळूहळू चालवत विमान जागेवर आणणं. ग्रेडी डांबरावर जरा जोरातच हाकत होता, आकडा सरकायच्या आत इंजिन बंद व्हावं म्हणून. सगळेच शिकाऊ हाकतात. जागेवर येऊन त्यानं इंजिन बंद केलं. नाकावरचा पंखा दोनदा झटके देऊन थांबला. कानांत ती ओळखीची शांतता भरली, जिच्यात लॉरेटा नेहमी बोलायला सुरुवात करायची. तिनं कानावरचे फोन काढून मांडीवर ठेवले, त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "हे बघ ग्रेडी, ते वळण."

ग्रेडी पट्टा सोडत होता. त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं, "हे आता पैशात धरायचं का?"

नवा नियम सोमवारपासून लागू झाला होता आणि आज गुरुवार होता. लॉरेटा म्हणाली, "हो."

"मग शनिवारी बोलू," ग्रेडी म्हणाला, दार उघडून उतरला, पंखाखालून वाकून निघाला आणि पाय ओढत पार्किंगकडे गेला. लॉरेटा डावीकडच्या रिकाम्या आसनाकडे बघत बसली. आसनाच्या कापडावर त्याच्या पाठीच्या घामाचा डाग होता.

उतरायला हवं होतं, चाकांना ठोकळे लावायचे होते, पंख दोरांनी बांधायचे होते, वारा वाढत होता. पण ती बसूनच राहिली. आणि उठून जायचं तरी कुठं, तर काउंटरवर, जिथं डॅरिल स्टकी, या छोट्या शाळेचा मालक, विचारणार, "झालं? किती वेळ धरू?" डॅरिल वाईट नव्हता. सेस्ना विमानांच्या कारखान्यात जन्म घालवून त्यानं तीन जुनी विमानं घेतली, तीन विमानांची शाळा काढली, आणि तेव्हापासून तो डोक्याला हात लावून बसलेला होता. वर्षानुवर्षं तिथली रीत एकच, जी सगळ्याच शाळांची असते. पंखा फिरतोय तोवर मास्तराला पैसे. पंखा थांबला की मास्तर फुकट. विद्यार्थ्याला फळ्यावर वारा काढून दाखवा, नकाशा उलगडून बसा, धुकं विरायची वाट बघत दोन-दोन तास कॉफी ढोसा, तो आलाच नाही म्हणून खिडकीत उभं राहा, उतरल्यावर त्याचं काय चुकलं ते पुन्हा पुन्हा समजावा, सगळं पदरचं. तरुण मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. कायलरसारखी पोरं येत, बापाच्या कर्जावर शिकलेली. त्यांना पैसे नकोच असत, त्यांना स्वतःच्या नावावर तास हवे असत, पुरेसे जमले की मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या विमानांत जाऊन बसायला. कायलर विमान जमिनीवर असताना तोंडच उघडत नसे. त्याच्या लेखी जमीन म्हणजे वाया गेलेला वेळ. लॉरेटाला मात्र कुठंच जायचं नव्हतं. एके काळी होतं. मग लग्न झालं, मग लग्न मोडलं, मग डोळ्यांच्या तपासणीत काहीतरी निघालं, आणि ज्यांना तिनं उतरायला शिकवलं ती पोरं तिच्या डोक्यावरून मोठी विमानं घेऊन डेन्व्हरला जाऊ लागली. तिच्या उड्डाणांच्या वहीत आता इतके तास होते की त्यांचं कुणी काही करू शकलं नसतं. तास म्हणजे तिच्यासाठी फक्त मजुरी.

तिला चिथवलं होतं ते खरं तर ग्रेडीनंच. उन्हाळ्यात, बाहेरच्या बाकावर, उतरल्यावर. ती त्याला ब्रेकवर कसं नाचायचं नाही ते समजावत होती आणि तो डब्यातलं सँडविच खात ऐकत होता. मध्येच म्हणाला, "मास्तरीणबाई, या बडबडीचे तुला किती मिळतात?" काही नाही म्हटल्यावर तो खाता खाता थांबला होता. "डोकं फिरलंय का तुझं? मी व्हॅनला किल्ली लावली की माझं बिल चालू. लाल दिव्यावर उभा असलो तरी गिऱ्हाईक देतंय. नुसतं बघून 'काही झालेलं नाही' म्हटलं, त्याचेही घेतो. आणि तू इथं जीव कसा वाचवायचा ते फुकट वाटत बसलीयस." मग सँडविचचा अर्धा तुकडा तिच्यापुढं धरून म्हणाला होता, "घे. निदान हे तरी घे." ती हसली होती. रात्री दाढ ठणकायला लागली तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं. त्याच आठवड्यात तिनं डॅरिलला गाठलं. डॅरिल म्हणाला, "लोक पळतील, लॉरेटा." ती म्हणाली, "मग मी पळते." तिनं आयुष्यात अशी धमकी कुणाला दिली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. डॅरिल दोन महिने कुरकुरला आणि शेवटी काउंटरवर कागद चिकटवला. हात मिळवल्यापासून हात मिळवेपर्यंत. विद्यार्थ्याचा हात हातात घेतला की वेळ सुरू, निरोपाचा हात मिळवला की बंद. सोमवारी पहिल्या विद्यार्थ्यानं कागद वाचला आणि नुसताच आत शिरला, तिनं पुढं केलेला हात न धरता. गंमत म्हणून. तीही हसली. पण या चार दिवसांत कुणी उतरल्यावर थांबलं नाही. बाकावर कुणी बसलं नाही. ज्या माणसांनी तिला आपल्या बायकांची आजारपणं सांगितली होती, गाड्यांचे हप्ते सांगितले होते, ती आता पंखा थांबायच्या आत पट्टा सोडत होती. तिला आधी राग आला, मग लाज वाटली, मग काहीच वाटेनासं झालं.

आता ती त्या शांततेत एकटी बसून तो विचार पुन्हा उलटून बघत होती. चार-पाच शिकवण्या. तो आला कुठून? विद्यार्थी मरणाच्या दारात नेऊन बसवतो, आपणही त्याच्याबरोबर बसलेले असतो, आणि मन हिशेब करतं? ती स्वतःला समजावत होती, की मन काय, वाटेल ते आणून टाकतं, देवळात बसल्यावरही टाकतं. पण तिला तो आकडा आवडला होता. ही गोष्ट जाईना. दाढेवर टोपी बसली असती त्या आकड्यात. आणि आता प्रश्न असा, की शनिवारी ग्रेडी एकटा उडणार होता. पहिल्यांदा. सगळं ठरलं होतं. त्याची बायको जोलीन कामावरून सुटी काढून येणार होती. पहिली एकट्याची फेरी मारून उतरलं की मास्तर विद्यार्थ्याच्या सदऱ्याची पाठ कापून भिंतीवर लावतो, ही इथली जुनी रीत; त्यासाठी ग्रेडीनं कामावरचा जुना सदरा, खिशावर नाव शिवलेला, धुऊन इस्त्री करून ठेवला होता. लॉरेटानं अशा किती पाठी कापल्या असतील. भिंतीवर जागा उरली नव्हती. शनिवारी तिनं त्याला एकटं सोडलं आणि वारा पाठीवर असला आणि रेषा हुकली, तर तो काय करेल ते तिनं आत्ताच पाहिलं होतं. तो मीटरकडे बघेल. तेव्हा शेजारच्या आसनावर 'माझं विमान' म्हणणारं कुणी नसेल. म्हणून त्याला सांगायला हवं होतं, की शनिवारी नाही. अजून नाही. आणि अजून नाही म्हणजे अजून शिकवण्या, अजून पैसे, आणि हे सांगणारी कोण, तर जिनं तीन दिवसांपूर्वी बोलण्याचेही पैसे लावले ती. तो म्हणणार ते तिला आताच ऐकू येत होतं. आणि त्याला खोटं पाडायला तिच्याजवळ काय होतं? काल असतं तर ती छातीला हात लावून म्हणाली असती, की पैशाचा यात संबंध नाही. आज तिला ते म्हणता आलं नसतं.

तिची आई पियानो शिकवायची. विचिटापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर, न्यूटनला, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या घरात, नवरा गेल्यानंतर दोन मुलींना वाढवायला. अर्ध्या तासाची शिकवणी. स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ ती पियानोवर ठेवायची आणि ते खणखणलं की सुरावट जिथं असेल तिथं तोडायची. लॉरेटाला लहानपणीच्या कितीतरी चाली आजही अर्ध्याच येतात. चर्चमधल्या एका बाईचा मुलगा होता, लोनी नावाचा, जाडसर, बोटं लोण्यासारखी मऊ. तो एकाच पुस्तकावर अडकून पडला होता. एकदा त्याची आई त्याला न्यायला आली तेव्हा कोट न काढताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हिल्डा, दुसरं वर्ष हेच पुस्तक. पुस्तकाचा दोष, का पोराचा, का अर्ध्या तासाचा?" हसत म्हणाली, सगळ्यांसमोर. लॉरेटा स्वयंपाकघरात पावाचं पीठ मळत होती, तिला आईची पाठ दिसत होती. आई काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं लोनीला पुढचं पुस्तक दिलं. तो तयार नव्हता हे तिला ठाऊक होतं, लॉरेटालाही ठाऊक होतं, रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीलाही ठाऊक असावं. ईस्टरला लोनी चर्चमध्ये वाजवायला बसला आणि दुसऱ्याच ओळीत अडकला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकला. लोक खाली बघू लागले. आईचे दोन्ही हात मांडीवर उपडे होते आणि बोटं लपवावीत तशी मुडपलेली. घरी येताना आई एकच वाक्य बोलली. "त्यांचे पैसे तेवढे वाचले." त्या दिवशी लॉरेटाला आईचा राग आला होता. इतकं लागट बोलायचं आणि ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी गप्प बसायचं. आता आईच्या वयाची होऊन गेल्यावर तिला वाटलं, आईलाही तेव्हा आपलंच मन ओळखू आलं नसेल. अर्ध्या तासाचे पैसे तिला हवेच होते की. मग 'तो तयार नाही' हे आपण म्हणतोय का आपली गरज म्हणतेय, हे ती कुणाला विचारणार होती? म्हणून तिनं संशयच नको म्हणून पुस्तक बदललं. चर्चमध्ये एक पोरगा चुकीचे सूर वाजवून रडत उतरला, एवढंच नुकसान. पोरगा मोठा झाला, त्यानं गाड्यांचं दुकान काढलं.

ग्रेडी असा रडत उतरणार नव्हता.

वाऱ्यानं विमान शेपटाकडून हललं तेव्हा ती भानावर आली. उतरली, ठोकळे लावले, दोर बांधले. उजवा गुडघा कुरकुरत होता. पलीकडे धान्याच्या पांढऱ्या कोठाराजवळ ज्वारीचे ट्रक रांगेनं उभे होते. पार्किंगमध्ये बघितलं तर ग्रेडीची पांढरी व्हॅन अजून तिथंच होती, आत तो बसलेला दिसत होता. जेवत असेल, किंवा गिऱ्हाइकाशी बोलत असेल. तिनं क्षणभर ठरवलं की आत जावं, डॅरिलला सांगावं, शनिवारचं रद्द कर. डॅरिलनं फोन केला असता, डॅरिलच्या तोंडून ऐकलं असतं त्यानं. ते सोपं होतं. आणि मग ग्रेडी म्हणाला असता, ठीक आहे, कायलरबरोबर उडतो. आणि कायलर, ज्याला तास हवे होते, त्यानं त्याला शांत हवेच्या एखाद्या सकाळी तीन फेऱ्या मारायला लावून एकटं उडायच्या परवानगीवर सही ठोकली असती. दुसरी सोपी गोष्ट म्हणजे खिडकीत वाकून म्हणायचं, ग्रेडी, राहू दे पैसे, फुकट सांगते, ऐक. तोंडाशी तेच येत होतं. पण फुकट तर वर्षभर सांगितलं होतं. फुकटचं तो सँडविचबरोबर खाऊन टाकायचा. तिला एकदम इतका कंटाळा आला, त्याचा, डॅरिलचा, दाढेचा, स्वतःच्या त्या उबदार विचाराचा, की डांबरावरच बसावंसं वाटलं. ती चालत राहिली.

व्हॅनची काच खाली होती. ग्रेडी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होता. जेवत नव्हता.

"शनिवारी तू एकटा जाणार नाहीस," लॉरेटा म्हणाली.

त्याला मान वळवायला वेळ लागला. "जोलीननं सुटी काढलीय."

"तिला सांग पुढं ढकललं."

"किती पुढं?"

"ते वळण नीट होईपर्यंत. चार शिकवण्या, पाच. मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही," ग्रेडी म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या धंद्यात याला काय म्हणतात सांगू? सुटा भाग मागवलाय, कधी येईल माहीत नाही. वर्षभर सगळं ठीक होतं. सोमवारी तुझा कागद लागला आणि गुरुवारी मी नालायक झालो. वा, मास्तरीणबाई. शिकलीस बरं का पटकन."

हेच तो म्हणणार होता, जवळजवळ याच शब्दांत, आणि तरी ते छातीत बसलं. ती पार्किंगच्या कडेच्या गवताकडे बघत राहिली. 'असं कसं म्हणतोस' म्हणता आलं असतं. 'वर्षभर फुकट समजावलं त्याचं हे फळ' असंही म्हणता आलं असतं, डोळ्यांत पाणी आणून; तेवढं पाणी आत्ता सहज आलं असतं. आई गप्प बसली होती. लॉरेटाला गप्पही बसायचं नव्हतं.

"मलाही तेच वाटलं," ती म्हणाली.

"काय?"

"वर. तू पंख वाकवत होतास आणि शिट्टी वाजत होती तेव्हा. मी विमान घेतलं, आणि घेता घेताच माझ्या मनात आलं, बरं झालं, याला अजून चार-पाच शिकवण्या लागतील. माझ्या दाढेचं काम होऊन जाईल. असं आलं. बरं वाटलं मला." तिनं हात काचेच्या कडेवर ठेवला. "तू म्हणतोस ते खोटं नाही. मी तेव्हापासून तेच चघळत बसलेय. पण वळण चुकलं ते चुकलंच, ग्रेडी. मला पैसे हवेत म्हणून ते चुकलं नाही."

ग्रेडी तिच्याकडे बघत होता. आता ओरडेल, असं तिला वाटलं. किंवा किल्ली फिरवून निघून जाईल. त्यानं एक हात स्टिअरिंगवरून काढला आणि तोंडावरून फिरवला.

"मी तळघरात उतरतो," तो म्हणाला. "घरमालक वर जिन्यात उभा असतो. मी भट्टीचं झाकण काढतो, बॅटरी मारतो. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, आतून वाटतं, जळालेली असू दे. पूर्ण जळालेली. नवी बसवावी लागू दे. एकदा तर एक म्हातारी वर प्रार्थना करत होती, भट्टी वाचू दे म्हणून, मला ऐकू येत होतं. आणि मी खाली नेमकी उलट प्रार्थना करत होतो."

"मग?"

"मग काय. जळालेली नव्हती. तिला सांगितलं, बाई, जळालेली नाही, नुसती काजळी आहे."

"नेहमी खरं सांगतोस?"

ग्रेडीनं विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ओळखीचं काहीतरी आलं. "बहुतेक वेळा," तो म्हणाला.

"मी पण," लॉरेटा म्हणाली. "बहुतेक वेळा. आज जळालेली आहे."

रस्त्यावरून धान्याचा ट्रक गेला आणि मागं भुसा उडत राहिला. मग त्यानं वाकून पलीकडचं दार उघडलं, आसनावरची हत्यारांची पेटी उचलून मागं टाकली. "बस," तो म्हणाला. "आणि वेळ धर. उगाच उपकार नकोत."

"धरणारच आहे," ती म्हणाली.

ती वळसा घालून आत बसली. व्हॅनमध्ये तेलाचा आणि जुन्या कॉफीचा वास होता. तिनं मनगटावर बघितलं, वेळ त्याला मोठ्यानं सांगितली, त्यानं मान हलवली. कुठून सुरुवात करायची? वर्षभर तिनं गोड बोलून, उदाहरणं देऊन, हातांची विमानं करून सांगितलं होतं. पैसे घेणार तर घेतल्यासारखं सांगायला हवं. ज्या वाक्यावरून ती मघापासून पुढंमागं करत होती, विमानात बसून, दोर बांधताना, चालताना, ते वाक्य तिनं आता जसंच्या तसं उचललं.

"आज तू मेला असतास," लॉरेटा म्हणाली. "मी शेजारी नसते तर. चुकला असतास असं नाही म्हणत मी. मेला असतास, त्या ज्वारीत, आणि शनिवारी जोलीन सुटी काढून दुसरीकडेच गेली असती."

ग्रेडीनं पुन्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तेव्हा तिला दिसलं की तो हात नुसते ठेवत नव्हता, स्टिअरिंग घट्ट धरून होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि डावा गुडघा स्टिअरिंगखालच्या फळीवर एकसारखा थडथडत होता.

"माहितीय," तो म्हणाला. "उतरल्यापासून पाय थांबत नाहीये. क्लच दाबता येईना. म्हणून तर अजून इथं बसलोय."